दहाच्या आत गाणे



२०२५ च्या एप्रिलमधली, शनिवार २६ तारखेची गोष्ट. आमच्या वस्तीत विहाराच्या पटांगणात भीमजयंतीचा कार्यक्रम होता. जयंती चौदाला असताना कार्यक्रम सव्वीसला का, हे बाहेरच्या माणसाला सांगावे लागते, आपल्या माणसाला नाही. चौदाला सगळ्याच वस्त्यांत जयंती. मग वक्ते कुठून आणायचे आणि गायन पार्टी कुठून आणायची? म्हणून जो तो आपापली तारीख धरतो आणि एप्रिलच्या मध्यापासून मे संपेपर्यंत रोज कुठे ना कुठे निळ्या पताका आणि स्टेज लागलेले असते. गायन पार्टीवाल्यांचा हाच हंगाम. शेतकऱ्याला जसा मृग, तसा यांना एप्रिल.

पत्रिकेवर वेळ छापली होती, सायंकाळी ठीक सहा. त्यातला 'ठीक' हा शब्द कोणी आणि का घातला होता कोण जाणे. त्रिशरण-पंचशील झाले तेव्हा साडेसात वाजले होते. मग प्रतिमांना पुष्पहार, स्वागतगीत, प्रास्ताविक आणि मग सत्कार. विहार समितीचा चिटणीस या नात्याने आम्ही सत्काराची यादी केली होती अकरा जणांची. ती व्यासपीठावर जाईपर्यंत सव्वीस जणांची झाली. प्रत्येकाला शाल, प्रत्येकाला पुष्पगुच्छ आणि प्रत्येकाचा फोटो. त्यानंतर दोन वक्ते. दुसरे वक्ते चार वेळा "शेवटचे दोनच शब्द" म्हणाले. गायन पार्टीची आठ माणसे सहा वाजल्यापासून स्टेजमागे बसून होती. ढोलकवाल्याने ढोलक दोनदा सुरात लावला, दोनदा तो उतरला. कोरसमधल्या एका ताईंनी कडेवरचे मूल झोपवून वस्तीतल्या कोणाच्या तरी घरी ठेवले.

गायकाच्या हातात माईक आला तेव्हा नऊ वाजून पंचवीस मिनिटे झाली होती. पहिले वंदनगीत झाले, दुसरे झाले. तिसरे माता रमाईचे गाणे सुरू झाले आणि पुढे बसलेल्या बायांचे पदर डोळ्यांना लागले. कार्यक्रम आता कुठे तापू लागला होता. दहा-वीसच्या नोटा घेऊन माणसे बक्षीस द्यायला उठू लागली. तेवढ्यात दोन पोलीस आले. चौथ्या गाण्याचा दुसरा अंतरा चालू होता. आम्ही पुढे होऊन म्हणालो, "साहेब, दहा मिनिटं द्या, एवढं गाणं होऊ द्या." ते म्हणाले, "चिटणीस, परवान्यावर काय लिहिलंय ते तुम्हीच वाचा." परवाना आमच्याच खिशात होता, अर्जही आमच्याच अक्षरातला. साऊंडवाल्याने मिक्सरची बटणे खाली ओढली. गायक दोन ओळी तशाच उघड्या गळ्याने म्हणाला, मग आपणहून थांबला, हात जोडून जयभीम म्हणाला आणि खाली बसला.

पोरे चवताळली. "दुसऱ्यांचं बारा-बारापर्यंत चालतं, आपलंच बरं दहाला बंद होतं!" कोणी म्हणाले, माईक नको तर नुसता ढोलक वाजवू. कोणी म्हणाले, पुढच्या वर्षी डी.जे.च आणू, मग बघू कोण थांबवतो. आम्ही त्यांना कसेबसे शांत केले. पण त्या रात्री आमच्याच हातून जे झाले ते सांगायला आजही लाज वाटते. सुपारी ठरली होती सोळा हजार. समितीत चर्चा झाली की पार्टी जेमतेम अर्धा-पाऊण तास गायली, मग सोळा हजार कशाचे? चार हजार कापले. व्हाउचर आम्हीच केले, हिशेबाची सवय ना! टेम्पोचे अडीच हजार गेल्यावर आठ माणसांत साडेनऊ हजार उरले. गायक काही बोलला नाही. पैसे मोजून खिशात ठेवताना एवढेच म्हणाला, "दादा, आम्ही सहाला आलो होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर विहाराच्या मागच्या गल्लीतल्या एक ताई भेटल्या. वंदनेला दर रविवारी येणाऱ्या, घरकाम करून संसार ओढणाऱ्या. आम्ही आदल्या रात्रीची हळहळ व्यक्त केली. त्यांनी हंडा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "दादा, फोन मीच केला होता एकशे बाराला. माझ्या पोरीची चार तारखेला नीटची परीक्षा आहे. तुमचा तो मोठा बॉक्स बरोबर आमच्या भिंतीला लागलेला. संध्याकाळपासून भांडी थरथरत होती. पोरगी कानात कापूस घालून रडत बसली. मी आधी दोन पोरांना सांगितलं, आवाज कमी करा. ती म्हणाली, वर्षातून एकदा तर असतं, मावशी."

आम्ही काय बोलणार? बाबासाहेबांच्या चरित्रातला एक प्रसंग आपण दर जयंतीला भाषणात सांगतो. परळच्या डबक चाळीतली एक खोली, तीत सगळे कुटुंब, भांडी, धूर, पाहुणे. रामजीबाबा भिवाला लवकर झोपवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग त्याला अभ्यासाला उठवीत. कारण घर आणि चाळ शांत असे ती त्याच वेळी. हा प्रसंग आम्हीच २६ तारखेच्या प्रास्ताविकात सांगितला होता. माईकवरून. त्या बॉक्समधून. त्या मुलीच्या भिंतीला लावलेल्या.

तेव्हापासून आम्ही हा विषय मुळापासून समजून घ्यायचे ठरवले. कारकुनाला अर्ज लिहिता येतो. पण ज्या नियमाखाली अर्ज लिहितो तो नियम आम्ही कधी पुरता वाचला नव्हता.

नियमाचे नाव ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००. त्या वर्षीच्या १४ फेब्रुवारीपासून ते देशभर लागू आहेत. लाऊडस्पीकरला लेखी परवानगी हवी आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद हवा, हे सर्वांना ठाऊक असते. पण पोरे म्हणत होती तसा 'नुसता ढोलक' हा मार्गही मोकळा नाही. २०१० साली नियमात दुरुस्ती झाली आणि आवाज करणारी साधने, वाद्ये, ॲम्प्लिफायर, सगळेच रात्रीच्या बंदीत आले. सूट आहे ती बंदिस्त जागेला, म्हणजे नाट्यगृह, सभागृह, समाजमंदिर, लग्नाचा हॉल यांना, तीही आतला आवाज आतल्यांपुरता राहावा म्हणून. शिवाय राज्य सरकार सांस्कृतिक आणि धार्मिक सणांसाठी वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत मुभा देऊ शकते. हे दिवस जिल्ह्याजिल्ह्यात जाहीर होतात. १४ एप्रिल आम्ही त्या यादीत नेहमी पाहत आलो आहोत. २६ एप्रिल कसा असेल? आणि शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्या शांतता क्षेत्रात ही मुभाही चालत नाही.

याउपर दुसऱ्या कोणाचा कार्यक्रम मुभा नसलेल्या दिवशी बारापर्यंत चालत असेल तर ते आम्ही मुकाट्याने सोसा म्हणत नाही. २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आपल्या हातात आहे. कोणत्या मंडळाला कोणत्या तारखेचा परवाना दिला, कोणावर काय कारवाई केली, हे लेखी मागा, अर्जाची पोच घ्या, तीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायला विसरू नका. पण असे विचारणाऱ्याचा स्वतःचा कागद स्वच्छ लागतो.

या नियमांवर सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी मोठा निकाल दिला. सरन्यायाधीश लाहोटी तेव्हा पीठावर होते. त्या प्रकरणाच्या मुळाशी काय होते ते वाचले आणि आमचा 'वर्षातून एकदा तर असते' हा युक्तिवाद घशातच राहिला. १९९८ च्या जानेवारीत वर्तमानपत्रांत बातमी होती. तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला, तिने मदतीसाठी हाका मारल्या, पण शेजारी लाऊडस्पीकरवर मोठ्याने गाणी चालू होती, त्यात त्या हाका कोणाला ऐकूच गेल्या नाहीत. त्याच दिवशी संध्याकाळी त्या मुलीने स्वतःला जाळून घेतले. ती बातमी सांगत एक अभियंता न्यायालयात गेला होता.

आता आकड्यांचे. निवासी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. बाजारपेठेत ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. सार्वजनिक जागी लाऊडस्पीकर असेल तर त्या जागेच्या हद्दीवर ठरलेल्या मर्यादेच्या वर दहा किंवा एकूण ७५, यांतले जे कमी असेल ते. म्हणजे आपल्यासारख्या वस्तीत दिवसा हद्दीवर ६५. दोन माणसे समोरासमोर साधे बोलतात तेच सुमारे ६० भरते. आम्ही बी.कॉम. झालेलो, त्यामुळे ६५ चे ७५ झाले म्हणजे पंधरा टक्क्यांची वाढ असा हिशेब मनात केला होता. तसे नसते. दहा डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दहापट होते आणि कानाला तो सुमारे दुप्पट मोठा वाटतो. हे व्याज फार जबर आहे.

मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. मोठ्या मैदानाची हद्द दूर असते, तिथे स्टेजवर दणका असला तरी कुंपणापर्यंत जाताना आवाज विरतो. आमच्या विहाराच्या पटांगणाची हद्द म्हणजे ताईंच्या घराची भिंत. विरायला जागाच नाही. आणि बेसचा जो धमधमाट असतो तो भिंतीने अडत नाही, पत्र्याने तर मुळीच नाही. त्यात गंमत अशी की यंत्रावर जो आकडा मोजतात तो माणसाच्या कानाच्या हिशेबाने, त्यात खालच्या आवाजाला वजन कमी असते. म्हणजे आकडा मर्यादेत आणि मांडणीवरची भांडी मात्र नाचताहेत, असेही घडते.

बंदिस्त जागेची जी सूट आहे तिच्याबद्दल आमचे वेगळे म्हणणे आहे. ती सूट पैसेवाल्याची सूट आहे. ज्याला वातानुकूलित सभागृह परवडते त्याचा कार्यक्रम दारे लावून रंगतो, आणि त्याचे शेजारीही निवांत झोपतात. आमचे विहार विटांचे, छप्पर पत्र्याचे आणि भिंत व पत्रा यांच्यामध्ये वीतभर फट. त्याला बंदिस्त कोण म्हणेल? आणि आमचा माणूस कारखान्यातून, दुकानातून, लोकलला लोंबकळत साडेआठला घरी येतो. त्याच्या वाट्याला गाणे उरते तासभर. आमदार निधीतून आपल्याला काय मिळते? प्रवेशद्वाराची कमान आणि तीवर आमदारांचे नाव. एकदा तरी कमान नको, छत द्या, जाड दारे द्या, फटी बुजवून द्या, असे लेखी मागून बघायला हवे. आमच्या समितीने मागितले आहे. पोच आहे, छत अजून नाही.

मग १२ मे २०२५ ला बुद्धपौर्णिमा आली. समितीत आम्ही दोन गोष्टी मांडल्या. एक, त्याच गायन पार्टीला बोलवायचे आणि कापलेले चार हजार आधी हातात द्यायचे. यावर अध्यक्षांनी बराच वेळ खिडकीबाहेर पाहिले, पण मंजुरी दिली. दुसरी, कार्यक्रम पटांगणात नाही, विहाराच्या आत करायचा आणि ताईंच्या घरात भांडे हलता कामा नये. ताईंच्या मुलीची परीक्षा तोवर होऊन गेली होती, पण त्या गल्लीत ती एकटीच तर राहत नाही. एक बाळंतीण होती, एक अर्धांगाचे आजोबा, आणि रात्रपाळीचे दोन सुरक्षारक्षक.

साऊंडवाला नेहमीप्रमाणे दोन मोठे बेस आणि दोन टॉप घेऊन आला. बेस टेम्पोतच ठेव म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. "भाडं तेवढंच लागेल," तो म्हणाला. "घे बाबा तेवढंच," आम्ही म्हणालो. स्टेजवर दोन मोठे बॉक्स ठेवून शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायचा, ही आपली जुनी रीत. त्यात पहिल्या रांगेचे कान बसतात आणि शेजाऱ्याची झोप जाते. त्याऐवजी चार लहान बॉक्स दोन्ही बाजूंच्या भिंतींना, बसलेल्या माणसांच्या जवळ, तोंडे आत आणि खाली करून लावले. प्रत्येकाचा आवाज बारीक. ही युक्ती त्या साऊंडवाल्याचीच. आधी कोणी त्याला विचारले नव्हते इतकेच. गल्लीकडच्या भिंतीवर बायांनी घरातल्या गोधड्या आणि सतरंज्या टांगल्या. त्याने आतले घुमणे थांबले, शब्द स्वच्छ झाले. बाहेर जाणारा आवाज मात्र गोधडीने फारसा अडत नाही, हेही कळले. तो अडतो आतच कमी केल्याने. वरच्या फटीत फोम कोंबला तो अर्ध्या फटीला पुरला.

ऑक्टोपॅड बाजूला ठेवायला सांगितले. तो वाजवणारा पोरगा हिरमुसला, त्याला मग खंजिरी दिली. ढोलकाला माईक दिलाच नाही. दीडशे माणसांच्या बंद जागेत ढोलकाला माईक कशाला हवा? पूर्ण थाप पडली की जवळ उभ्या माणसाच्या मोबाईलवर ऐंशीच्या वरच आकडा दिसतो. माईक फक्त गायकाला, कोरसला आणि बेंजोला. गायकाची तक्रार आली, "दादा, मलाच माझा आवाज ऐकू येत नाही, मग मी ओरडतो." हे खरे होते. एक छोटा बॉक्स त्याच्या पायाशी, तोंड त्याच्याकडे करून ठेवला, तसा त्याचा गळा सैल झाला. एक पोरगा मोबाईलवरचे आवाजाचे यंत्र घेऊन गल्लीत उभा केला होता. ते कायद्याला चालणारे यंत्र नव्हे, पण अंदाज येतो. आकडा साठ ते पासष्टच्या मध्ये खेळत होता. सत्तरकडे जाऊ लागला की तो दारातून हात खाली करी आणि साऊंडवाला बटण खाली घेई.

कार्यक्रम सुरू झाला पावणेसातला. सत्कार एकच, पार्टीतल्या सर्वांत वडील ढोलकवाल्याचा. भाषण एक, वीस मिनिटांचे. पाहुण्यांना घड्याळ समोर ठेवूनच बोलायला सांगितले होते. सव्वासातला गाणे सुरू झाले ते नऊ चाळीसपर्यंत. पोलीस आले होते, साडेनऊच्या सुमारास. दारात उभे राहून दोन गाणी ऐकून गेले.

सगळेच छान झाले असे मात्र कोणी समजू नये. सोमवार होता. आठपर्यंत विहार अर्धे रिकामे, पुढे बाया, म्हातारी माणसे आणि मुले. पुरुष मंडळी आली तेव्हा निम्मी गाणी झाली होती. तरुण पोरांपैकी बरीच "यात मजा नाही" म्हणून कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली. छातीत धमधम झाल्याशिवाय गाणे लागतच नाही, अशी त्यांची सवय झाली आहे, आणि ती सवय मिरवणुकीतल्या डी.जे.ने लावली आहे. डी.जे.ला ना ढोलकवाला लागतो, ना कोरस, ना कवी. त्याच्या आवाजाच्या तक्रारी होतात, नियम आणखी आवळतात आणि तो फास बसतो पेटी-ढोलकवाल्याच्या गळ्याला. जयंतीचा निम्मा निधी डी.जे.वर उडवायचा आणि गायन पार्टीचे चार हजार कापायचे, हा हिशेब आपल्याच वह्यांत आहे.

बक्षिसाचेही सांगायला हवे. गायकाने नंतर चहा पिताना सांगितले, "दादा, सुपारीवर गाडीभाडं आणि भाकरी निघते. घरात काही पडतं ते बक्षिसावर. आणि बक्षीस पडतं रात्री अकरानंतर, माणूस जेवूनखावून, मन मोकळं करून बसला की." त्या दिवशी बक्षीस जमले आठशे सत्तर रुपये. पूर्वी याच वस्तीत त्याच्या वडिलांना एका रात्रीत किती मिळे ते त्याने सांगितले. आम्ही ते इथे लिहीत नाही, वाचणाऱ्याला वाईट वाटेल.

आणि मुकाबला? तो तर दहाच्या आत बसतच नाही. १९९१ च्या जन्मशताब्दी वर्षात आम्ही शाळकरी पोर होतो. मैदानात दोन पार्ट्या समोरासमोर, एकीकडे गायक, दुसरीकडे गायिका. याने सवाल टाकायचा, तिने जागच्या जागी जवाब जोडायचा. बाबासाहेबांच्या चरित्रातला दाखला, धम्मातला दाखला, मधूनच कोपरखळी. आजीच्या मांडीवर आम्ही झोपी गेलो आणि पहाटे जाग आली तेव्हा जवाब चालूच होता. ज्यांना अक्षर येत नव्हते त्या माणसांनी महाडचा आणि नाशिकचा इतिहास अशा रात्रींत पाठ केला. एक सवाल पिकायलाच तास लागतो, त्याला पावणेतीन तासांत कुठे कोंबणार? रविवारी दुपारी चारला सुरू करून पाहावे, असे एक-दोघे म्हणतात. मे महिन्यात, पत्र्याखाली! यावर आमच्याकडे उत्तर नाही. १४ एप्रिलला आणि मुभेच्या एखाद्या दिवशी बारापर्यंत जे मिळते तेवढ्यात चार-पाच वस्त्यांनी मिळून, दूर हद्द असलेल्या मोठ्या मैदानात एक मुकाबला ठेवावा, असे वाटते. पण वस्त्या मिळून काही करतील तर ना.

जुनी माणसे म्हणतात, आमच्या वेळी कुठे माईक होते? खरे आहे. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव फिरले ते गळ्याच्या आणि डफाच्या जोरावर. वरच्या पट्टीत गायची सवय त्याच गरजेतून आली. पण तेव्हा गावात रात्री दुसरा आवाजच नव्हता. आता विहाराबाहेर रिक्षा आहेत, पंखे आहेत, शेजारी चालू टी.व्ही. आहे. नुसत्या गळ्याने दीडशे माणसांना दोन तास ऐकवायचे तर गायक हंगाम संपायच्या आत मुका होईल. तेव्हा माईक हवाच, प्रश्न आहे तो किती मोठा याचा.

दीघनिकायात सक्कपञ्ह सुत्त आहे. राजगृहाजवळच्या इंदसाल गुहेत तथागत बसलेले असताना पञ्चसिख नावाचा गंधर्व वीणा घेऊन येतो आणि फार जवळ नाही, फार दूर नाही, अशा अंतरावर उभा राहून गातो. गाणे संपल्यावर तथागत त्याची वाहवा करतात ती कशाबद्दल? तुझी तार गळ्यावर कुरघोडी करीत नाही आणि गळा तारेवर करीत नाही, दोन्ही एकमेकांत मिसळतात, अशा अर्थाचे ते बोलतात. भन्तेजींनी हे वर्षावासात वाचून दाखवले तेव्हा आमच्या शेजारी साऊंडवाला बसला होता. तो हळूच म्हणाला, "बघा, मिक्सिंग बरोबर होतं."

वाचकांपैकी जे कोणी विहार समित्यांत, जयंती मंडळांत आहेत त्यांना एक विनंती मात्र करायची आहे. कार्यक्रम कोणत्याही कारणाने दहाला बंद झाला, तरी पार्टीची ठरलेली सुपारी पूर्ण द्या. उशीर त्यांनी केलेला नसतो. आणि इसार देतानाच कागदावर लिहा, गायनाची वेळ अमुक ते अमुक, उशीर झाल्यास जबाबदारी मंडळाची. आमच्या त्या गायकाकडे आता असा छापील कागद असतो. मजकूर आम्ही करून दिला, कारकुनी कधी नव्हे ती कामी आली.

२६ नोव्हेंबरला संविधान दिनाचा कार्यक्रम होता. पत्रिकेचे प्रूफ आले तेव्हा आम्ही पहिल्यांदाच वरती मोठ्या अक्षरात 'गायन : सायंकाळी ७ ते ९.४५' असे टाकून घेतले होते, खाली गायकाचे, ढोलकवाल्याचे आणि बेंजोवाल्याचे नाव. अध्यक्षांनी चष्मा वर-खाली करून पत्रिका दोनदा वाचली आणि विचारले, "आणि सत्कार समारंभ कुठे आहे?" आम्ही तळाची ओळ दाखवली. तिथे बारीक अक्षरात होते : 'सत्कार सायंकाळी ६ वाजता. उशिरा येणाऱ्यांचा सत्कार पुढील वर्षी.' ते सहाला दहा मिनिटे असतानाच आले.